कार्बनमास्तर आणि काकींचा आवाज

कार्बनमास्तरांची बोटं कायम निळी असायची. जेवताना निळी, पूजा करताना निळी. कुणाच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या की नवरानवरीच्या डोक्यावर चार निळे दाणे हमखास सापडायचे, आणि आमच्या लालबागच्या चाळीतली माणसं ओळखायची की मास्तर येऊन गेले. हा सगळा कार्बन पेपरचा प्रताप. टाइपरायटरमध्ये कागद एकटा चढवायचा नाही, खाली कार्बन आणि त्याखाली दुसरा कागद हवाच, असा त्यांचा नियम होता. टाइपरायटरपुरता असता तर मी समजू शकले असते, पण दूधवाल्याला ‘उद्या एक पिशवी कमी’ एवढी चिठ्ठी लिहितानाही ते खाली कार्बन घालत. “प्रत नसेल तर काम झालं याला पुरावा काय?” असं ते विचारत. विषय दुधाचा असे आणि चेहरा हायकोर्टाचा.

बरं, एवढ्या निगुतीने काढलेल्या प्रतीचं ते करत काय? तर मूळ कागदाला टाचणीने टोचून त्याच फायलीत ठेवून देत. मी एकदा विचारलं, “मास्तर, दोन्ही एकाच जागी ठेवायची तर प्रत काढायची कशाला?” त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. हे बोट वर झालं की पुढे सिद्धान्त येणार हे क्लासमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. “मूळ एकीकडे आणि प्रत भलतीकडे असली ना सुमन, की ऐन वेळी दोन्ही सापडत नाहीत. जोडीने असली की आपण बिनघोर.” मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलगी. वाद घालायची मला हौस फार, पण मास्तरांसमोर आपला मुद्दा आपल्याच तोंडात विरघळायचा. मी मान डोलावली आणि मशीनकडे वळले.

मी त्यांच्या क्लासला गेले ती संपामुळे. माझे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. संप आज मिटेल, उद्या मिटेल असं म्हणता म्हणता दिवाळी गेली, होळी गेली, आणि चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी कोकणात निघून गेली. वडील रोज सकाळी कपडे करून गिरणीच्या गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. तेव्हा आई म्हणाली, “गिरणी चालू होवची तेवा होवंदे, चेडवाच्या हातात कायतरी येवंदे.” मास्तर स्वतःही संपातच रिकामे झालेले. एका गिरणीच्या ऑफिसात ते टायपिस्ट होते. ऑफिस बंद पडलं तेव्हा तिथली जुनी मशीनं त्यांनी आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणून मांडली आणि बाहेरच्या खोलीत क्लास काढला. गिरणगावातल्या मुलांना ऑफिसात चिकटवायचं त्यांनी जणू व्रतच घेतलं होतं. टाइपरायटरची ओळ संपत आली की घंटी वाजते. मुलांना घेऊन आलेल्या प्रत्येक आईबापाला मास्तर ती वाजवून दाखवत आणि म्हणत, “गिरणीचा भोंगा बंद पडला असेल, पण माझी घंटी चालू आहे.” हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की ज्यांना मुलंच नव्हती त्यांनाही ते ऐकवत.

शिकवण्यासाठी बाजारात पुस्तकं होती, पण मास्तरांना ती पसंत नव्हती. ते स्वतःचं पुस्तक लिहीत होते, ‘सुलभ मराठी टंकलेखन’. मी क्लासला गेले तेव्हा ते लिहीत होते, मला फोर्टात नोकरी लागली तेव्हा लिहीत होते, आणि माझं लग्न होऊन मी अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला गेले तेव्हाही ते ‘अखेरच्या टप्प्यात’ होतं. त्यातली सरावाची वाक्यं मास्तरांनी स्वतः रचली होती. “झाकण उघडा पण डोकावू नका.” “ठाण्याचा ढवळे छत्री झटकून आला.” कोण हा ढवळे, असं विचारायची सोय नव्हती. पानभर ढवळे टाइप करून आमची बोटं तयार झाली आणि त्या बोटांवर आमच्या घरच्या चुली पेटल्या, हे मात्र मान्य केलंच पाहिजे.

क्लासच्या मागे पडदा आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. तिथे काकी. मास्तर जेवढे शिस्तीचे तेवढ्या काकी मोकळ्या. त्या गात. देवाचं नव्हे, तर त्यांच्या मालवणकडच्या गावात बायका गौरीला फुगडी घालताना गातात तसलं काहीतरी, आणि त्यात पुढच्या ओळी मनाच्याच घालत. चाळीत आज जे घडलं असेल ते संध्याकाळपर्यंत काकींच्या गाण्यात आलेलं असे. आवाज मोठा, खणखणीत, जरा खरबरीत. “मास्तर बसले मशीनवर गो, भाकरी करपली तव्यावर गो” ही त्यांची जुनी ओळ. मास्तर पडद्याकडे बघून म्हणत, “अगं, क्लास चालू आहे.” की काकींचा आवाज आणखी एक पट्टी वर. आम्ही मुली त्या तालावर मशीन बडवायचो. परीक्षेला गेल्यावर आमच्यातल्या एकीचा वेग एकदम पडला, कारण तिथे मागे कुणी गात नव्हतं.

मास्तर माळकरी, घरात मासळी नाही. काकी मालवणच्या. आता हे कसं जमायचं? ते असं जमायचं की तळमजल्यावर मंजूमावशी राहायची. ती कोळीण, लालबागच्या बाजारात तिचा मासळीचा ठेला. काकी ‘जरा मंजूकडे जाऊन येते’ म्हणून खाली जात आणि तासाभराने तृप्त होऊन वर येत. चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनाही माहीत होतं, कारण काकी वर आल्या की ते न विचारता खिडकी उघडत. पण या विषयावर नवराबायकोत एक शब्द कधी झाला नाही.

पुढे टाइपरायटरचे दिवस भरले. मास्तरांनी बरीच वर्षं संगणकाला तोंड दिलं, म्हणजे त्याच्याकडे पाठ करून. शेवटी मुलं येईनाशी झाली तेव्हा त्यांनी दोन संगणक घेतले. एक मुलांना शिकायला आणि एक स्वतःचा. स्वतःच्याला त्यांनी काकींकडून झालर लावलेलं कव्हर शिवून घेतलं होतं. मी रविवारी अँटॉप हिलहून येऊन त्यांना शिकवायची. वीस वर्षांनी बाजू उलटल्या होत्या, पण ते त्यांनी कधी मान्य केलं नाही. मी काही सांगितलं की ते म्हणत, “बरोबर. पुढे?” जणू माझी तोंडी परीक्षाच चालू होती.

एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि पुस्तकाची ट्रंक भिजली. मूळ भिजलं आणि त्याला टोचून ठेवलेली कार्बनची प्रतही भिजली, कारण दोघं जोडीने बिनघोर ट्रंकेत बसली होती. मास्तरांनी पानं दोरीवर वाळत घातली. चाळीच्या गॅलरीत बनियन, परकर आणि मध्ये ढवळे. जी पानं वाचता येत होती ती त्यांनी स्कॅनरवर एकेक करून संगणकात चढवली. ते काम त्यांना महिनोन्‌महिने पुरलं. मग तो ओला लगदा टाकून दिला आणि मला म्हणाले, “आता चिंता नाही. संगणकात सी आहे आणि डीसुद्धा आहे. मूळ सीमध्ये, प्रत डीमध्ये.” त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, चला, डीसाठी त्यांनी वेगळी डिस्क बसवून घेतली असेल.

त्यानंतरच्या वर्षी काकींचा घसा बसला आणि उठेचना. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मास्तरांनी घरी येऊन माझ्या ऑफिसात फोन केला. “सुमन, आवाजाची प्रत काढता येते का?” मी माइक घेऊन गेले, तो संगणकाला जोडला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मास्तरांनी ते लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात दुपारी क्लासचं दार बंद असायचं. चाळीतल्या बायका जिन्यात थांबून ऐकायचा प्रयत्न करत. आत काकी गात होत्या. आवाज आधीसारखा खणखणीत राहिला नव्हता, पण गात होत्या.

ऑपरेशन झालं. काकी घरी आल्या त्या मुक्या होऊन, पण गप्प होऊन नव्हे. त्या हातांनी, भुवयांनी, डावाने, ताटलीने बोलायला लागल्या. मास्तरांची नक्कल तर अशी करत की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. नाकाच्या शेंड्यावर नसलेला चष्मा ओढायचा, मान खाली, डोळे वर, आणि एक बोट हवेत. मास्तर समोर असले तरी करत. ते म्हणत, “मी असा दिसतो?” की काकी तेच पुन्हा करून दाखवत.

रेकॉर्डिंग मात्र मास्तरांनी कुणालाच ऐकवलं नाही. मी दोनदा मागितलं. ते म्हणाले, “सारखं वाजवलं तर झिजेल.” टाइपरायटरची रिबन झिजते तशी फाइल झिजत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. “बरोबर. पुढे?” गौरी आल्या की वाजवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. चाळीत दर वर्षी गौरीपुढे काकी गायच्या. आवाज गेल्यावर ही पहिली गौर. बायकांनी फुगड्या घालायच्या आणि गाणं काकींचंच असायचं, असा त्यांचा बेत होता.

गौरीच्या आधीच्या रविवारी मी गेले तेव्हा मास्तरांच्या संगणकातून टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज येत होता आणि त्याचा पडदा काळा होता. एकच अक्षर अडकलेलं मशीन कुणी बडवत राहावं तसं ते वाजत होतं. मला फार काही कळत नव्हतं, पण ऑफिसात हा आवाज मी एकदा ऐकला होता आणि त्यानंतर डिस्कवरचं सगळं गेलं तेही पाहिलं होतं. मास्तर मात्र निवांत होते. “सी बिघडली,” ते म्हणाले. “बिघडू दे. प्रत डीमध्ये आहे. ती उघड.”

मी संगणकाचं कॅबिनेट उघडलं. आत एकच डिस्क होती. ती दाखवून मी त्यांना समजावलं की सी आणि डी ही दोन नावं आहेत, डिस्क एकच. आपल्या खोलीत मध्ये पडदा लावून आपण इकडे क्लास आणि तिकडे स्वयंपाकघर म्हणतो तसं. छप्पर गळलं तर दोन्हीकडे गळणार. मास्तर त्या डब्यात वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “पण मला तर दोन दिसत होत्या.” एवढंच. बोट वर झालं नाही. काकी पडद्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला पहिल्यांदाच वाटलं की या माणसाची थट्टा आज करू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती डिस्क रुमालात बांधून लॅमिंग्टन रोडवर संगणकाच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती कानाला लावली, जोडून पाहिली, आणि सांगितलं की आत तबकडी फिरते पण तिच्यावरचं वाचणारा दांडा अडकतो आहे. ती उघडणं त्याच्या हातातलं नव्हतं. मोठ्या लॅबमध्ये पाठवली तर गौरी सोडा, दिवाळीपर्यंतही कोण सांगणार. मास्तर उठेनात. शेवटी तो जरा संकोचून म्हणाला, “काका, एक उपाय आहे, पण मी सांगितला म्हणून कुणाला सांगू नका. चांगली प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गार असताना कधीकधी थोडा वेळ चालते. बहुतेक वेळा चालत नाही. चालली, तर जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी काढा. दुसऱ्यांदा चालेल असं धरू नका.”

मास्तरांच्या घरी जुना फ्रीज होता, त्यात पाणी थंड व्हायचं तेवढंच. चाळीत बर्फ धरणारा खरा फ्रीजर एकाच घरी होता, तळमजल्यावर, आणि तो सुरमई, बोंबील आणि कोळंबीने भरलेला होता. मास्तर म्हणाले, “दुसरं कुठे पाहू या.” काकींनी डिस्क त्यांच्या हातातून घेतली, तिच्यावर चार पिशव्या चढवल्या, दोरा बांधला आणि जिना उतरायला लागल्या. मंजूमावशीने सुरमई बाजूला सरकवून जागा केली. मास्तर दाराबाहेरच उभे होते. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, “मास्तर, आत या ना. मासं काय उठून चावनार हायेत तुमाला?” मास्तर म्हणाले, “नको, इथूनच दिसतंय.” मग थोड्या वेळाने, “झाकण नीट लागलं ना?” हे विचारायला दोन पावलं आत आले. त्या घरात ते पहिल्यांदाच गेले असावेत.

सकाळी मी ऑफिसला दांडी मारून आले. मुलांचा संगणक उघडून ठेवला होता, त्याला ही डिस्क जोडायची आणि मिळेल ते त्यात उतरवून घ्यायचं. मावशी पिशवी पदरात धरून धावत वर आली. तिच्या मागे बोंबलांचा वास वर आला आणि मास्तरांनी सवयीने खिडकी उघडली. डिस्क पुसून जोडली. टक्‌ झालं. पुन्हा टक्‌. मग आवाज थांबला, पंख्यासारखी बारीक घरघर सुरू झाली आणि पडद्यावर डी उघडली. आत दोन कप्पे होते. एकाचं नाव ‘पुस्तक’ आणि दुसऱ्याचं नाव ‘सौ.’

आता काय घ्यायचं? पुस्तकाची शेकडो पानं चित्रं म्हणून चढवलेली, गाणीही मोठी. दोन्ही निघायला वेळ लागणार आणि वेळ किती आहे ते कुणालाच माहीत नाही. माझा हात थांबला. काकी पुढे आल्या. त्यांनी दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे उघडले आणि टेबलावर आपटले. पुस्तक. ते आधी. मास्तर भलतंच समजल्यासारखं करून म्हणाले, “अगं, चष्मा लावलाय मी.” काकींनी पुन्हा तळवे उघडले, मास्तरांच्या नाकासमोर. मास्तर म्हणाले, “हो, हो, नमस्कार कर देवाला.” काकी चिडल्या. त्यांनी पडद्यावरच्या ‘पुस्तक’वर सरळ बोट टेकवलं आणि स्वतःच्या घशाकडे हात करून तो हात झटकला. त्याचा अर्थ न कळायला माणूस दगड असायला हवा होता. संपापासून ते त्या दिवसापर्यंतची या माणसाची सगळी कमाई म्हणजे ते पुस्तक, आणि ते काकींइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मास्तर माझ्याकडे वळले. “सौ. घे.”

मी म्हटलं, “मास्तर, पण पुस्तक...”

“सुमन, सांगितलं तेवढं कर. शंका तासानंतर.”

मी ‘सौ.’ उचललं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. काकी मास्तरांचा दंड धरून हलवत होत्या आणि मास्तर पट्टीकडे बघत उभे होते. मध्ये एकदा पट्टी थांबली, डिस्क टकटकली, आणि मंजूमावशीने आपल्या देवीचं नाव घेतलं. पुन्हा सरकली. गाणी उतरली. मी लगेच पुस्तकाला हात घातला. मुखपृष्ठ आलं. प्रस्तावनेचं पहिलं पान आलं. मग टक्‌, टक्‌, टक्‌, आणि ती डिस्क पुन्हा कधी चालली नाही. आम्ही नंतर तिला आणखी एक रात्र सुरमईशेजारी काढायला लावली, मोठ्या लॅबमध्येही पाठवून पाहिली, पण नाही.

काकी भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांचं न बोलणं आता असं असायचं. मास्तरांनी ते प्रस्तावनेचं पान उघडून वाचलं. त्यात त्यांनी आभार मानले होते, गिरणीच्या हेडक्लार्कचे, टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याचे, कार्बन पेपरच्या दुकानदाराचे. मी म्हटलं, “काकींचं नाव नाही यात.” ते म्हणाले, “दुसऱ्या पानावर होतं.” भिंतीकडे बघत बसलेल्या काकींचे खांदे हलले. रडतात की हसतात ते मला कळेना. मंजूमावशी म्हणाली, “पुरावा काय, मास्तर?” मग कळलं की त्या हसत होत्या.

मग मास्तरांनी पहिली फाइल लावली. खरखर झाली आणि त्या खोलीत काकींचा आवाज आला. बसका, थकलेला, पण त्यांचाच. जिन्यातल्या बायका आत आल्या. माझे डोळे भरून आले. हे चाललं जेमतेम दोन ओळी, आणि मग आमच्या मास्तरांचा आवाज आला. “अगं, माइक तोंडाजवळ धर. हं, म्हण.” पुन्हा गाणं. पुन्हा मास्तर. “क्रमांक दोन संपलं. आता क्रमांक तीन, फुगडीचं गाणं.” भाकरी करपल्याची ओळ आली तेव्हा तर ते गाण्याच्या मध्येच म्हणाले, “यात माझं नाव कशाला?” आणि रेकॉर्डिंगमधल्या काकी म्हणाल्या, “गप बसा हो तुमी. मधी मधी बोलू नकात. माका म्हणूचा तां मी म्हणतंय.” त्यावर मास्तर खोकले, तेही उतरलेलं. मावशी म्हणाली, “गानी कमी नि मास्तर जास्ती.” मास्तर कानकोंडे होऊन म्हणाले, “सूचना द्याव्या लागतात. नवीन माणसाला कळत नाही.” बायकोचा आवाज जपून ठेवायला बसलेला हा माणूस तिला धड एक गाणं सलग म्हणू देत नव्हता.

बायकांना गौरीपुढे फुगडी घालायची होती आणि मास्तरांच्या सूचनांवर फुगडी घालता येत नाही. म्हणून मी त्या फायली घरी नेऊन दोन दिवस खपले, मास्तरांना सगळीकडून कापून काढलं, मधल्या रिकाम्या जागा जोडल्या आणि सलग गाण्यांची एक सीडी केली. मास्तर दुखावले. पण त्या सीडीच्या प्रती त्यांनीच काढल्या आणि चाळीतल्या घराघरात स्वतः नेऊन दिल्या, भायखळ्याला राहायला गेलेल्या जुन्या शेजाऱ्यांनासुद्धा. गौरीच्या रात्री काकी स्पीकरजवळ बसून टाळ्या वाजवत होत्या आणि बायका त्यांच्या आवाजावर घुमत होत्या. भाकरीची ओळ आली की सगळ्या मास्तरांकडे बघत. ते छताकडे बघत.

पुस्तक त्यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून टाइप करायला घेतलं. जुन्या मशीनवर, कार्बन घालून. फरक एवढाच की आता एक धडा झाला की प्रत पिशवीत घालून ते अँटॉप हिलला माझ्याकडे आणून देत. “तुझ्याकडे असू दे. छप्पर वेगळं आहे.” चहा पीत आणि माझ्या मुलांना ढवळे टाइप करायला लावत. ते पुस्तक पुरं होणार नाही हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं, पण ते येत राहिले. एका दुपारी क्लासमध्ये मुलांना शिकवता शिकवता ते खुर्चीत टेकले आणि गेले. त्यांना पोचवायला गिरणगावातली किती ऑफिसं आली होती म्हणून सांगू. पोस्टातले, कोर्टातले, महापालिकेतले, सगळे त्यांच्या मशीनवर बोटं बडवलेले. मी खूप रडले. मला हातात कला देणारा तो माणूस होता आणि मी आयुष्यभर त्याची टवाळी केली. तीही त्यांना आवडत होती, असं मला मनापासून वाटतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी काकींकडे गेले. बाहेरच्या खोलीत मशीनं झाकलेली, काकी आत एकट्या. मी सीडी लावली. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं. एक गाणं झालं, दुसरं सुरू झालं आणि काकींनी उठून बटण दाबलं. सीडी काढून माझ्या हातात दिली आणि मान हलवली. ही नको. मी म्हटलं, “गौरीची दुसरी कुठली आहे का?” काकींनी नाकाच्या शेंड्यावर नसलेला चष्मा ओढला, मान खाली केली, डोळे वर केले, आणि एक बोट हवेत धरलं. हसायला मात्र आलं नाही, दोघींनाही.

न कापलेल्या फायली माझ्या घरच्या संगणकात होत्या. पुढच्या रविवारी मी त्या घेऊन गेले. काकी स्पीकरसमोर पाटावर बसल्या. खरखर झाली. “अगं, माइक तोंडाजवळ धर.” काकींचे डोळे मिटले. गाणी येत होती, जात होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गाणं थांबलं की त्या पुढे सरकत. एका ठिकाणी मास्तर म्हणाले, “क्रमांक सहा झालं.” मग जरा थांबून, अगदी हलक्या आवाजात, “अगं, दमलीस का?”

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये थोडा वेळ काहीच नाही. सीडी करताना ती रिकामी जागा मी बिघाड समजून कापली होती. काकींनी डोळे उघडून स्पीकरकडे बघितलं, ‘नाही’ अशी मान हलवली, आणि पुढचं गाणं सुरू झालं.